'गठ्ठा मतं' म्हणण्याआधी : दक्षिण कॅरोलायनाची प्रायमरी आणि कृष्णवर्णीय मतदार

पळसफूल (धागाकर्ती)

शेजारच्या अमेरिकन निवडणुकीच्या धाग्यावर दोघातिघांनी लिहिलंय की तिथले काळे लोक गठ्ठ्याने मतं देतात, डेमोक्रॅटिक पक्षाने त्यांना गृहीत धरलंय, आणि चर्चमधून सांगतील तिकडे ते जातात. तिथे प्रतिसाद लिहायला घेतला, तो लांबत गेला म्हणून वेगळा धागा काढते.

मी चौदा वर्षं कोलंबियात राहते. दक्षिण कॅरोलायनाची राजधानी, दक्षिण अमेरिका खंडातला देश नव्हे. आमच्या शेजारी एक निवृत्त शिक्षिका आहेत, ऐंशीच्या पुढच्या. गल्लीत सगळे त्यांना नावाआधी 'मिस' लावून हाक मारतात, मी इथे आजीच म्हणते. २०२० च्या जानेवारीत त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मागणाऱ्यांच्या प्रचारपत्रकांची चळत होती. बायडन, सँडर्स, वॉरन, बुटीजज आणि सगळ्यात जास्त टॉम स्टायर, कारण त्या अब्जाधीशाने आमच्या राज्यात पैसा ओतला होता. आजी प्रत्येक पत्रक चष्मा लावून वाचत, काही ओळींखाली पेन्सिलीने रेघ मारत. मी विचारलं, तुम्हाला कोण आवडतं? तर म्हणाल्या, मला कोण आवडतं हे मला कधीच ठरलंय. मी शोधतेय ते वेगळं. समोरच्या घरातल्या गोऱ्या माणसाला नोव्हेंबरमध्ये कोण चालेल, ते मला आत्ता ओळखायचंय.

तेव्हापासून 'गठ्ठा' हा शब्द मला सहन होत नाही.

आकडे बघा. नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत दहातली साधारण नऊ कृष्णवर्णीय मतं डेमोक्रॅटिक उमेदवाराला जातात, हे खरं आहे. पण त्याचा अर्थ असा की नोव्हेंबरमध्ये त्यांच्यापुढे निवड उरलेलीच नसते. त्यांची खरी निवडणूक त्याच वर्षाच्या सुरुवातीला होते, प्रायमरीत, पक्षाचा उमेदवार ठरतो तेव्हा. आणि तिथे त्यांनी २००८ ला ओबामांना, २०१६ ला हिलरी क्लिंटनना आणि २०२० ला बायडनना निवडलं. तीन निवडणुका, तीन वेगळ्या जातकुळीचे उमेदवार. तिघंही पुढे पक्षाचे उमेदवार झाले.

२०२० ची गोष्ट तर मी डोळ्यांनी पाहिली. आयोवात बायडन चौथे आले, न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे. नेवाडात दुसरे, पण सँडर्सच्या बरेच मागे. टीव्हीवर त्यांचं जवळपास श्राद्धच घालून झालं होतं. आयोवा आणि न्यू हॅम्पशायर या दोन्ही राज्यांत दहातले नऊ लोक गोरे. म्हणजे तोवर कृष्णवर्णीय मतदारांना कुणी विचारलंच नव्हतं. २६ फेब्रुवारीला आमचे कृष्णवर्णीय खासदार जिम क्लायबर्न यांनी नॉर्थ चार्ल्स्टनमध्ये बायडनना पाठिंबा दिला. 'आपण जोला ओळखतो, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे जो आपल्याला ओळखतो,' अशा अर्थाचं ते बोलले. २९ तारखेला मतदान झालं. बायडनना ४८ टक्क्यांहून जास्त, सँडर्सना २० च्या आत. राज्यातल्या सगळ्या ४६ काउंट्या बायडननी जिंकल्या. मतदान करून बाहेर पडणाऱ्यांच्या पाहणीत निम्म्याहून अधिक मतदार कृष्णवर्णीय होते, आणि त्यांतल्या दहातल्या सहांनी बायडनना मत दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी बुटीजजनी माघार घेतली, तिसऱ्या दिवशी क्लोबुशरनी. ३ मार्चला चौदा राज्यांत मतदान होतं, त्यांतली दहा बायडननी घेतली. चार दिवसांत सगळा डाव फिरला.

दहातले सहा. म्हणजे चार जणांनी दुसरीकडे मत दिलं. गठ्ठा असा असतो का?

रानजाई

छान लिहिलंय. पण एक शंका. २००८ ला ओबामा स्वतः काळे होते म्हणून त्यांना मतं मिळाली, हे तर उघड आहे ना? त्यात हिशेब कसला?

पळसफूल

रानजाई, मलाही आधी तसंच वाटायचं. पण तारखा लावून बघा. २००७ च्या बऱ्याच पाहण्यांत कृष्णवर्णीय मतदारांमध्ये हिलरी पुढे होत्या. बिल क्लिंटन यांच्याबद्दल तिथे फार जिव्हाळा होता आणि जॉन लुईस यांच्यासारखा नागरी हक्क चळवळीतला मोठा माणूस हिलरींच्या बाजूने होता. मग ३ जानेवारी २००८ ला ओबामा आयोवात जिंकले. जवळपास सगळ्या गोऱ्या राज्यात. त्यानंतर तेवीस दिवसांनी आमच्याकडे मतदान झालं, तर ओबामांना ५५ टक्के, हिलरींना २७ च्या आत, आणि कृष्णवर्णीय मतदारांतल्या दहातल्या जवळपास आठांनी ओबामांना मत दिलेलं. लुईस यांनीही फेब्रुवारीत बाजू बदलली.

म्हणजे माणूस तोच, रंगही तोच. बदललं ते एवढंच की गोरे लोक याला मत देतात हे आयोवात दिसलं.

आणि नुसत्या रंगावर ठरत असतं, तर २०२० ला कमला हॅरिस आणि कोरी बुकर यांना आमच्या राज्यात मतं मिळायला हवी होती. दोघांनाही आयोवाच्या आधीच थांबावं लागलं, हॅरिस डिसेंबर २०१९ मध्ये, बुकर जानेवारीत.

जुना_डेट्रॉइटवाला

पळसफूल, धागा वाचून लिहायला बसलो. मी १९८५ पासून मिशिगनमध्ये आहे, त्यामुळे तुमच्या २००८ च्या आधीची थोडी भर घालतो.

हा हिशेब नेहमीच 'गोऱ्यांना कोण चालेल' असा नव्हता. १९८४ आणि १९८८ ला नागरी हक्क चळवळीतले कृष्णवर्णीय नेते जेसी जॅक्सन उभे होते. मूळचे तुमच्याच राज्यातले, ग्रीनव्हिलचे. १९८८ च्या सुपर ट्यूजडेची मोट दक्षिणेतल्या मवाळ डेमोक्रॅट नेत्यांनी बांधली होती. बहुतेक दक्षिणी राज्यांनी एकाच दिवशी मतदान घेतलं की एखादा मध्यममार्गी गोरा दक्षिणी उमेदवार पुढे येईल, अशी ती योजना. प्रत्यक्षात ॲलाबामा, जॉर्जिया, लुइझियाना, मिसिसिपी आणि व्हर्जिनिया जॅक्सननी घेतली. त्यानंतर आमच्या मिशिगनच्या कॉकसमध्ये (सरकारऐवजी पक्ष स्वतः घेतो ते मतदान) तर त्यांनी मॅसेच्युसेट्सचे गव्हर्नर मायकेल डुकाकिस यांना मोठ्या फरकाने हरवलं. त्या शनिवारी मी डेट्रॉइटमध्ये होतो. इथल्या लोकांच्या चेहऱ्यावर जे पाहिलं ते आजही आठवतं. एकूण सत्तर लाखांच्या आसपास मतं त्यांना पडली. उमेदवारी डुकाकिसनाच मिळाली.

पण जॅक्सननी हरताना एक गोष्ट पदरात पाडून घेतली, तिची चर्चा फार कमी होते. काही राज्यांत पहिल्या आलेल्यालाच सगळे किंवा जादा प्रतिनिधी (पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार ठरवणारे) मिळायचे, ती पद्धत त्यांनी पक्षाला सोडायला लावली. तेव्हापासून मतांच्या प्रमाणात प्रतिनिधी मिळतात, किमान १५ टक्के मतं असली की झालं. २००८ ला हिलरींनी कॅलिफोर्निया, न्यू यॉर्क अशी मोठी राज्यं जिंकूनही ओबामा पुढे राहिले ते या नियमामुळे. वीस वर्षांपूर्वी हरलेल्या माणसाने लावलेलं झाड.

आता आपल्या मराठी माणसाबद्दल. हा विषय इथे निघायलाच हवा. श्री ठाणेदार, बेळगावात वाढलेले, आज डेट्रॉइटचे खासदार आहेत. २ ऑगस्ट २०२२ च्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत नऊ जण रिंगणात होते, ठाणेदार सोडले तर जवळपास सगळे कृष्णवर्णीय. ठाणेदारांना सुमारे २८ टक्के, दुसऱ्या क्रमांकावरच्या ॲडम हॉलियर यांना सुमारे २३. कृष्णवर्णीय नेत्यांनी मतं फुटू नयेत म्हणून एकाच उमेदवारामागे उभं राहण्याचा प्रयत्न केला होता, तो जमला नाही. आणि १९५० च्या दशकापासून पहिल्यांदाच डेट्रॉइटमधून एकही कृष्णवर्णीय खासदार काँग्रेसमध्ये गेला नाही.

त्या रात्री आमच्या मराठी मंडळाच्या गटावर अभिनंदनाचा पूर आला होता. मलाही अभिमान वाटला, तो मी लपवत नाही. दुसऱ्या दिवशी कामावर माझ्या बरोबरचा, तीस वर्षांपासूनचा कृष्णवर्णीय मित्र, डेट्रॉइटच्या पश्चिम भागातला, एवढंच म्हणाला की आमचे वडील मतदार म्हणून नाव नोंदवायला दक्षिणेतून इथे आले होते. रागावून नाही बोलला. पण त्यानंतर मी गटावर काही लिहिलं नाही.

तर पळसफूल, ज्याला लोक गठ्ठा म्हणतात तो एकत्र बांधायला किती कष्ट पडतात आणि सुटला की काय होतं, हे आमच्या शहराने पाहिलंय.

रानजाई

हे माहीतच नव्हतं. ठाणेदार निवडून आले तेव्हा आपल्याकडच्या बातम्यांत फक्त 'मराठी झेंडा' होता.

पण मग ते २०२४ ला परत निवडून आले ते कसे?

जुना_डेट्रॉइटवाला

२०२४ ला निम्म्याहून जास्त मतं घेऊन. म्हणजे तेव्हा ते फक्त मतविभागणीवर निवडून आले असं म्हणता येणार नाही, अनेक कृष्णवर्णीय मतदारांनी त्यांना मत दिलंच. हॉलियर यांच्या अर्जावरच्या सह्या अपुऱ्या ठरल्याने ते बाद झाले होते हेही खरं. दोन्ही गोष्टी एकत्र लक्षात ठेवाव्या लागतात.

कागदी_होडी

मी अटलांटात शिकते, चोविशी ओलांडली नाही अजून, त्यामुळे इथल्या मोठ्यांची क्षमा मागून लिहिते.

पळसफूल ताई, तुमच्या आजींबद्दल आदर आहे. पण या हुशारीची किंमत कोण देतं? २०२० ला माझ्या वर्गातल्या मैत्रिणींच्या मोठ्या भावंडांनी, सगळे कृष्णवर्णीय, सँडर्सना मत दिलं होतं. तरुण आणि ज्येष्ठ कृष्णवर्णीय मतदारांत तेव्हा मोठी दरी होती. तरुणांना विद्यार्थी कर्ज, आरोग्यविमा, पोलिसांचा प्रश्न यावर ठोस काही हवं होतं. ज्येष्ठ म्हणाले, आधी जिंकू. ठीक, जिंकलो. मग जॉन लुईस यांच्या नावाचा मतदान हक्क कायदा जानेवारी २०२२ मध्ये सिनेटमध्ये अडकलाच ना? 'गोऱ्या शेजाऱ्याला काय चालेल' असं दर वेळी विचारत राहिलं, तर आपल्याला काय हवंय ते कधी मागणार?

न्यू यॉर्कही बघा. जून २०२५ च्या महापौरपदाच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत आग्नेय क्वीन्स, ब्रुकलिनमधलं कनार्सी, ईस्ट फ्लॅटबुश अशा जुन्या कृष्णवर्णीय वस्त्यांत माजी गव्हर्नर अँड्र्यू क्वोमो पुढे होते. तिथे स्वतःचं घर असलेले, नियमित मतदान करणारे ज्येष्ठ लोक जास्त. तरीही तरुण, डाव्या विचारांचे झोहरान ममदानी जिंकले. आणि नोव्हेंबरमध्ये त्याच वस्त्यांचा मोठा भाग ममदानींकडे आला. म्हणजे ज्याला 'हा चालणार नाही' म्हटलं तो चाललाच की.

पळसफूल

कागदी_होडी, क्षमा कसली. तुझा मुद्दा मनापासून पटतो, सगळा नाही पण बराच.

दोन गोष्टी मात्र सांगते. 'आधी जिंकू' म्हणणाऱ्यांनी काहीच मागितलं नाही असं नाही. २५ फेब्रुवारी २०२० ला चार्ल्स्टनच्या वादसभेत बायडननी जाहीर केलं की सर्वोच्च न्यायालयात पहिल्यांदा कृष्णवर्णीय स्त्रीची नेमणूक करेन. हे वचन त्या मंचावर घ्यायला क्लायबर्न यांनीच त्यांना भाग पाडलं होतं. दुसऱ्या दिवशी पाठिंबा दिला. एप्रिल २०२२ मध्ये केतांजी ब्राउन जॅक्सन यांच्या नेमणुकीवर सिनेटने शिक्कामोर्तब केलं. हा सरळ व्यवहार होता, आणि तो पाळला गेला. मतदान हक्काच्या कायद्याचं झालं नाही, ते दुःख आजींनाही आहे.

दुसरं, न्यू यॉर्कबद्दल. २०२१ ला तिथेच एरिक ॲडम्स याच वस्त्यांच्या जोरावर प्रायमरी जिंकले, शेवटच्या फेरीत जेमतेम ७ हजारांच्या फरकाने. म्हणजे हा वजनाचा काटा कधी झुकतो, कधी नाही. ममदानी नोव्हेंबरच्या आधी त्या वस्त्यांतल्या चर्चमध्ये रविवारमागून रविवार जाऊन बसले. ते न करता ते लोक आले असते असं मला वाटत नाही. त्यांना विचारलं गेलं पाहिजे, हाच तर मुद्दा आहे.

बोरूबहाद्दर

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून भर घालतो. प्रायमरी हे काळ्या मतदाराचं हत्यार आहे असं आज वाटतं, पण दक्षिणेत प्रायमरीचा उपयोग नेमका त्याला बाहेर ठेवायला झाला होता. तिकडे तेव्हा फक्त डेमोक्रॅटिक पक्ष, म्हणजे प्रायमरी जिंकला तो निवडून आला. मग पक्षाचा नियमच की प्रायमरीत फक्त गोऱ्यांनी मत द्यायचं. मुख्य निवडणुकीत काळ्या माणसाला मत दिलं काय न दिलं काय, निकाल आधीच लागलेला.

१९४४ ला टेक्ससच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे घटनाबाह्य ठरवलं. त्यावर दक्षिण कॅरोलायनाने काय केलं? विधिमंडळाचं खास अधिवेशन घेऊन प्रायमरीसंबंधीचे शंभराहून जास्त कायदे काही दिवसांत रद्द केले. म्हणजे आता प्रायमरी सरकारी राहिलीच नाही, पक्ष हा खासगी क्लब, आणि क्लबने कुणाला आत घ्यायचं ते क्लब ठरवेल.

त्याविरुद्ध कोलंबियातले जॉर्ज एल्मोर न्यायालयात गेले. टॅक्सी चालवणारे, छोटं दुकान सांभाळणारे. बाजू मांडणाऱ्यांत नागरी हक्कांचे नामवंत वकील थर्गुड मार्शल होते. चार्ल्स्टनचे न्यायाधीश वेटीज वेअरिंग, जुन्या प्रतिष्ठित गोऱ्या घराण्यातले, यांनी जुलै १९४७ मध्ये निकाल दिला, त्यात लिहिलं की दक्षिण कॅरोलायनाने आता संघराज्यात परत यायची वेळ झाली आहे. १९४८ च्या प्रायमरीत हजारो कृष्णवर्णीयांनी मत दिलं. एल्मोर यांच्या अंगणात कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेने क्रॉस जाळला, त्यांचा धंदा बसला. वेअरिंग यांना गावाने वाळीत टाकलं, शेवटी ते न्यू यॉर्कला निघून गेले.

हे वाचताना मला पुणे करार आठवत राहतो. १९३२ च्या त्या करारातही प्राथमिक निवडणूक होती. राखीव जागेसाठी अस्पृश्य मतदारांनी आधी चार जणांचं पॅनेल निवडायचं, मग त्यातून एकाला सगळ्या मतदारांनी. पहिल्या फेरीत आपला माणूस आपण ठरवायचा, पण शेवटचा शब्द बहुसंख्याकांचा. बाबासाहेबांची तक्रार हीच होती की पॅनेलमध्ये ज्याला सगळ्यात जास्त मतं पडतात, तोच शेवटच्या फेरीत हरतो. १९४६ ला त्यांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतल्या काळ्यांच्या आणि इथल्या अस्पृश्यांच्या स्थितीत किती साम्य आहे ते कळवलं होतं. म्हणून 'गठ्ठा मतं' हा शब्द मराठीत कुणासाठी वापरला जातो, हेही आपण जरा आठवावं.

जुना_डेट्रॉइटवाला

बोरूबहाद्दर, शेवटच्या वाक्याला अनुमोदन. मी स्वतः तो शब्द तरुणपणी सर्रास वापरलाय.

समुद्रमेथी

पहिल्यांदाच लिहितेय इथे. २०२४ ला डेमोक्रॅटिक पक्षाने दक्षिण कॅरोलायनाला सगळ्यात आधी मतदानाचा मान दिला असं वाचलं होतं, ते कसं झालं?

पळसफूल

समुद्रमेथी, स्वागत. २०२२ च्या शेवटी बायडननी पक्षाला लिहिलं की कृष्णवर्णीय मतदार हा पक्षाचा कणा आहे, त्याचा आवाज आधी ऐकला पाहिजे. फेब्रुवारी २०२३ मध्ये पक्षाने वेळापत्रक बदललं आणि ३ फेब्रुवारी २०२४ ला आमची प्रायमरी पक्षाच्या अधिकृत वेळापत्रकात पहिली झाली. बायडनना ९६ टक्के मतं पडली, पण मुळात लढतच नव्हती. २०२० ला सुमारे ५ लाख ४० हजार लोक आले होते, २०२४ ला सुमारे १ लाख ३१ हजार. मी त्या दिवशी आजींना केंद्रावर घेऊन गेले होते. रांग नव्हती, पार्किंग रिकामं. पहिला मान मिळाला तेव्हा निवडायला कुणीच नव्हतं, याचं मला वाईट वाटलं.

कागदी_होडी

ताई, एक काम कराल? जुना_डेट्रॉइटवाला काकांनी लिहिलंय ते १९८८ चं आजींना विचाराल? त्यांनी तेव्हा जॅक्सनना मत दिलं होतं का? जिंकणार नाहीत हे तर तेव्हाही कळत असेल.

पळसफूल

काल संध्याकाळी विचारलं.

तेव्हा इथे प्रायमरी नव्हती, कॉकस होता, मार्चमध्ये. आजी त्यांच्याच शाळेच्या जेवणघरात जमल्या होत्या. हात वर करून, बाजूला उभं राहून मोजणी. दिलं, जॅक्सनलाच दिलं, म्हणाल्या. राज्यही तेच जिंकले. मी म्हटलं, पण उमेदवारी मिळणार नाही हे माहीत होतं ना? माहीत होतं. मग तेव्हा समोरच्या घरातल्या माणसाचा विचार नाही केला?

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, तेव्हा राष्ट्राध्यक्ष निवडायचा नव्हता. माझ्या आईला त्या खोलीत पाऊल टाकता आलं नव्हतं. आम्ही किती आहोत ते मोजून घ्यायचं होतं.

कागदी_होडी, तुझ्याबद्दल सांगितलं त्यांना. पुढच्या वेळी अटलांटाहून इकडे आलीस तर भेटायला ये, म्हणाल्यात. पत्रकांची ती चळत त्यांनी अजून ठेवलीय.